मनाची ताकद फॉर्मवर कळते का?

प्रश्न: मी नर्स आहे. स्टाफच्या मनाची ताकद मोजायची म्हणून २४ प्रश्नांचा फॉर्म दिलाय, खरं लिहिलं तर अंगाशी येईल का?

उत्तर: ताई, हा बहुतेक अमेरिकेतले मॅनेजमेंटचे प्राध्यापक फ्रेड लुथान्स आणि सहकाऱ्यांचा, २००७ मधला फॉर्म. आशा (म्हणजे ध्येयाकडे जायची जिद्द आणि वाटा शोधणं), आत्मविश्वास, सावरायची ताकद, आशावाद (म्हणजे पुढे चांगलं होईल असं वाटणं), प्रत्येकी ६ प्रश्न आणि उत्तर १ ते ६ मध्ये. काही प्रश्न मुद्दाम उलटे असतात, त्यांचे मार्कही उलटे धरतात, म्हणून घाईत सगळीकडे ६ वर टिक करू नका. नाव मागत असतील तर फॉर्म कोण बघणार ते आधी विचारा, कारण वॉर्डची सरासरी काढायला नाव लागतच नाही. आणि सलग नाइट करून, त्यात पेशंट गेलेला असताना भरलात तर स्कोअर खाली येऊ शकतो, तो तुमचा कमकुवतपणा नाही हो, शक्यतो झोप झाल्यावर भरा.