नवा ड्रायव्हर हाताखाली आल्यावर उस्तादाने झोपायचे केव्हा?

आपण विचारले आहे की पंधरा वर्षे ट्रक चालवल्यानंतर मालकाने हेवी लायसन नुकतेच हाती आलेले दोन तरुण आपल्याकडे सोपवले आहेत, तर त्यांना कसे तयार करावे आणि किती दिवस नजरेखाली ठेवावे. मी जालन्याचा. सत्तावीस वर्षे सळई, सिमेंट आणि हंगामात सोयाबीन वाहिले. त्या काळात अकरा मुले माझ्या शेजारी बसून ड्रायव्हर झाली. माझा पहिला सल्ला त्या मुलांसाठी नसून आपल्यासाठी आहे. नवा मुलगा मिळाला म्हणजे आपल्याला झोपायला बदली ड्रायव्हर मिळाला, असे समजू नका. आपल्या धंद्यात शिकवण्याच्या नावाखाली बहुतेक वेळा हेच चालते, आणि मीही तेच केले होते.

2011 च्या उन्हाळ्यात सोलापूरकडून सिमेंट भरून आम्ही परतत होतो. चौसाळ्याला चहा घेतल्यावर मी स्टेअरिंग बावीस वर्षांच्या मुलाकडे दिले आणि केबिनमधल्या मागच्या फळीवर आडवा झालो. मांजरसुंब्याच्या घाटात बीडकडचा उतार लागताच त्याने गाडी न्यूट्रल केली, कारण डिझेल वाचवण्यासाठी रिकामी गाडी मी तशीच सोडतो, हे तो महिनाभर पाहत आला होता. मला जाग आली ती लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणारे ब्रेकचे अस्तर, जळल्याच्या वासाने. तो पेडल दाबत होता, पण गाडी दाद देत नव्हती, आणि वेग इतका वाढला होता की गिअर परत पडत नव्हता. खालच्या वळणाआधी रस्त्याच्या कडेला मुरमाचा ढीग होता, त्यात डावी बाजू घातल्यावर गाडी थांबली. बंपर आणि पुढचा कमानपाटा गेला, माणसे वाचली. मालकाने मुलाचा महिन्याचा पगार कापला आणि मी गप्प बसलो. न्यूट्रल करू नकोस, असे मी त्याला तोंडाने दहा वेळा सांगितले होते. हाताने मात्र रोज तेच करून दाखवत होतो.

म्हणून आता मी घाटाचा धडा गाडी उभी असतानाच देतो. न्यूट्रलमध्ये इंजिनचा अडसर निघून जातो, इंजिनचा धूर अडवून गाडीला आवर घालणारा एक्झॉस्ट ब्रेकही निरुपयोगी होतो आणि सगळा भार एकट्या लायनरवर येतो. ड्रम तापला की लायनरची पकड सुटते. त्यात घाबरून पेडल पुन्हा पुन्हा मारले, तर ब्रेक ज्या दाबाच्या हवेवर चालतात ती टाकीतली हवा संपत जाते आणि मंद चालणारे इंजिन ती लवकर भरून देऊ शकत नाही. एवढे समजले की बाकीचे सोपे असते: जो घाट ज्या गिअरमध्ये चढतो, त्याच किंवा त्याहून खालच्या गिअरमध्ये तो उतरायचा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाकायचा. पहिले पाच-सहा उतार मी शेजारी बसून मुलाकडून मोठ्याने बोलवून घेतो की आत्ता कोणता गिअर आहे आणि हवेचा काटा कुठे आहे. मुलांना याची लाज वाटते, पण लाजेने अजून कोणाचा ब्रेक फेल झालेला नाही.

स्टेअरिंग देण्याआधी कागद तपासा. जड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यासाठी वय 20 वर्षे पूर्ण असावे लागते आणि हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो. शिकाऊ परवाना असेल तर पुढे-मागे लाल ‘एल’ची पाटी लागते, आणि परवानाधारक शिकवणारा गाडी थांबवता येईल अशा जागी बसलेला असावा लागतो, मागच्या फळीवर घोरणारा उस्ताद त्यात बसत नाही. क्लीनरला लायसनशिवाय ‘जरा पुढे घे’ म्हणण्याची आपली सवय तर अपघात झाल्यावर मालकाचे घर विकायला लावू शकते.

लायसन असले तरी पहिला महिना मी मुलाला क्लीनरचेच काम देतो. रोज सकाळी हवेच्या टाकीतले पाणी काढणे, प्रत्येक टायरवर टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, मारून आवाज ऐकणे, मागच्या जोड (ड्युअल) चाकांमध्ये अडकलेला दगड काढणे, ताडपत्रीची रस्सी ओढून पाहणे. हवा भरलेला टायर टणकन वाजतो आणि कमी हवेचा धप्प. हा फरक ज्याच्या कानाला कळत नाही, त्याला मी पुढे सरकू देत नाही. बंद पडलेल्या गाडीच्या चाकांमागे लावलेले दगड निघताना उचलून बाजूला टाकण्याची सवयही याच महिन्यात लागते. रस्त्यातच राहिलेला तो दगड रात्री दुचाकीवाल्याचा जीव घेतो, आणि तो कोणी ठेवला हे कोणाला कळतही नाही.

त्यानंतर रविवारी एमआयडीसीतल्या मोकळ्या जागेवर रिकाम्या गाडीने रिव्हर्स, मग दिवसा रिकामी गाडी रस्त्यावर, आणि भरलेली गाडी सर्वांत शेवटी. दहा चाकी गाडी मालासह 28.5 टनांपर्यंत भरते, आणि ते वजन रिकाम्या गाडीवर शिकलेल्या पायाला माहीत नसते. उलट रिकामी गाडी ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की मागून फिरते, हे भरलेल्या गाडीवर शिकलेल्याला माहीत नसते. सळईचा माल असेल तर आणखी एक गोष्ट डोक्यात ठसवावी लागते. नीट आवळून न बांधलेली सळई अचानक ब्रेक लागताच केबिनकडे सरकते, म्हणून पुढच्या गाडीपासूनचे अंतर दुप्पट ठेवायचे. मी मुलाला माल भरताना हमालांच्या शेजारी उभा करतो. बांधलेले स्वतः पाहिले की पाय आपोआप हलका होतो.

आपल्या भागाची दोन संकटे वेगळी सांगायला हवीत. पहिले म्हणजे काळी माती. पाऊस झाल्यावर समोरच्याला जागा देताना डावी चाके साईडपट्टीवर उतरली की ती रुततात, आणि नवा मुलगा घाबरून स्टेअरिंग एकदम उजवीकडे ओढतो. तिथेच गाडी पलटी होते. अशा वेळी स्टेअरिंग सरळ धरून वेग कमी होऊ द्यायचा आणि कडा बुटकी असेल तिथे हळूच वर यायचे. दुसरे म्हणजे गळीत हंगाम. दिवाळीनंतर रात्री दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर मागच्या लाल दिव्याविना पुढे असतो, आणि समोरच्या गाडीचा दिवा डोळ्यांवर आला की तो दिसतच नाही. रस्त्यावर ऊस सांडलेला दिसला की पुढे ट्रॉली आहे असे धरून चालायचे. हंगाम संपेपर्यंत मी नव्या मुलाला रात्री एकटा सोडत नाही.

समृद्धी महामार्गाबद्दल थोडेच लिहितो. तिथे ट्रकला 80 ची मर्यादा आहे. पण खरा धोका वेगापेक्षा सरळपणाचा आहे. वळण नाही, गाव नाही, चहाची टपरी नाही, आणि तासाभरात उघड्या डोळ्यांनी झोप लागते. 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला 8 तास काम आणि सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती अशी मर्यादा घातली होती. आपल्या धंद्यात ती किती पाळली जाते, हे आपण जाणताच. माझा नियम त्याहून कडक आहे: नवा मुलगा सलग दोन तास चालवतो, त्या दोन तासांत मी जागा असतो, आणि दोघांनाही झोप आली तर गाडी पंपावर उभी राहते. भाड्याला उशीर झाल्याची शिवी मालक मला देतो, मुलाला नाही, एवढे मी आधीच ठरवून घेतो. झोप आली हे सांगितल्यावर ज्याला शिवी मिळते, तो पुढच्या वेळी सांगत नाही.

किती दिवस नजरेखाली ठेवावे, याचे माझे उत्तर असे: एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम त्याने आपल्या शेजारी काढावा, म्हणजे साधारण एक वर्ष. मालकाला ते परवडत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून वर्ष मिळाले नाही, तर निदान भरलेल्या गाडीने घाट आणि रात्र या दोन गोष्टी शेवटपर्यंत आपल्याकडेच ठेवा.

माझ्याकडून सुटून गेलेल्या एका मुलाचा गेल्या हिवाळ्यात रात्री दीड वाजता फोन आला. मांजरसुंब्याच्या अलीकडे होता, गाडी भरलेली. म्हणाला, ‘काका, डाव्या मागच्या चाकातून धूर येतोय, उतार लागायच्या आधीच गाडी बाजूला घेतली आहे.’ मी त्याला सांगितले की पार्किंगचे दिवे लाव, चाकांना दगड लाव, ड्रमवर पाणी अजिबात टाकू नकोस, तापलेला ड्रम पाण्याने तडकतो. सकाळी बीडहून फिटर बोलाव, तोपर्यंत गाडी हलवू नकोस, आणि मालकाचा फोन आला तर त्याला माझा नंबर दे.