‘इनइक्वॅलिटी आली की हात थांबतो’

मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी जीआरईची, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेची, तारीख घेऊन बसली होती. तीन सराव परीक्षा झाल्या होत्या आणि तिन्हींत गणिताचे गुण एकाच ठिकाणी अडकले होते. ती म्हणाली, “सर, इंजिनिअरिंगच्या गणिताचा एम-थ्री पेपर पहिल्या फटक्यात सुटला आणि इथे क्ष मोठा की य, एवढंही जमत नाही. तारीख पुढे ढकलू का?”

ही तक्रार इंजिनिअरिंगच्या मुलांकडून फार ऐकू येते. तारखेचं नंतर बघू, आधी चुकलेली गणितं पुन्हा सोडव आणि सोडवताना मोठ्याने बोल, असं तिला सांगितलं. चूक कुठे होते ते उत्तरात दिसत नाही, बोलण्यात दिसतं.

पहिलंच गणित: −२ < क्ष < ३ आणि −४ < य < १, तर क्ष − य कोणत्या मर्यादेत? तिने डाव्यातून डावं वजा केलं, उजव्यातून उजवं. कागदावर आलं: २ < क्ष − य < २. दोनपेक्षा मोठी आणि दोनपेक्षाच लहान अशी संख्या असूच शकत नाही. तिने ते क्षणभर पाहिलं, “आकडेमोड चुकली” म्हणाली आणि पुन्हा तीच वजाबाकी केली.

आकडेमोड बरोबरच होती. समीकरणातून समीकरण वजा करता येतं, त्या सवयीने तिने असमानतेतून (इनइक्वॅलिटीतून) असमानता वजा केली होती. एकाच दिशेच्या असमानतांची बेरीज चालते, वजाबाकी चालत नाही. म्हणून आधी −१ ने गुणायचं, त्याबरोबर दिशा उलटते: −१ < −य < ४. मग बेरीज: −३ < क्ष − य < ७. क्ष × य विचारलं असेल तर चारही टोकांचे गुणाकार काढायचे: ८, −२, −१२ आणि ३. म्हणजे गुणाकार −१२ आणि ८ यांच्यामध्ये. नुसती दोन टोकं गुणून भागत नाही, कारण ऋण गुणिले ऋण कुठे मोठं होईल ते नजरेने कळत नाही.

दुसरी चूक अधिक महागाची होती. क्वांटिटेटिव्ह कंपॅरिझनमध्ये, म्हणजे दोन राशींतली मोठी कोणती ते ठरवायच्या प्रश्नात, दिलेलं होतं क्ष/य > १, आणि तुलना क्ष व य यांची. तिने दोन्ही बाजूंना य ने गुणलं, क्ष > य लिहिलं आणि ‘पहिलं मोठं’ निवडून पुढे गेली. पण य धन आहे असं कुठे म्हटलंय? क्ष = −३, य = −२ घ्या. भागाकार १.५ येतो, अट पाळली जाते आणि क्ष लहान निघतो. ३ आणि २ घेतले तर क्ष मोठा. दोन जोड्यांनी दोन वेगळी उत्तरं दिली की चौथा पर्याय, ‘ठरवता येत नाही’, निवडायचा आणि तिथेच थांबायचं. पुढे बीजगणित करत बसू नये.

संख्या घालून बघणं ही कमजोर विद्यार्थ्यांची युक्ती आहे, असं तिला वाटत होतं. हा समज आधी काढावा लागला. या प्रश्नप्रकारात चारही पर्याय कायम तेच असतात (पहिलं मोठं, दुसरं मोठं, दोन्ही समान, ठरवता येत नाही), त्यामुळे उत्तर मोडून बघणं हाच सरळ रस्ता आहे. फक्त २ आणि ३ घालून मात्र काही मोडत नाही. ०, १, १/२, −१/२ आणि −२ यांतले अटीत बसणारे आकडे घालायचे. तीन-चार जोड्यांनंतरही उत्तर बदललं नाही, तर फरकाचं चिन्ह बघायचं. उदाहरणार्थ क्ष > य > ० असताना क्ष/य मोठं की (क्ष + १)/(य + १)? पहिल्यातून दुसरं वजा केलं की (क्ष − य)/[य(य + १)] उरतं. ते धन आहे, म्हणून पहिलं मोठं. इथे शंका राहत नाही.

पूर्णांकांचा घोळ त्या मानाने किरकोळ. २ < क्ष < ६ आणि ३ < य < ८ असताना बेरीज जास्तीत जास्त किती? पूर्णांक म्हटलं असेल तर ५ + ७ = १२. म्हटलं नसेल तर बेरीज १४ च्या आतच राहते, पण सर्वांत मोठी अशी किंमतच नाही. तिने दोन्ही वेळा १२ लिहिलं होतं.

वेळेची भीती खरी होती. जीआरईत गणिताच्या पहिल्या भागात २१ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २६ मिनिटांत १५, म्हणजे प्रश्नाला जेमतेम पावणेदोन मिनिटं. ती एकाच असमानतेवर तीन-तीन मिनिटं घालवायची. दोन मिनिटांत वाट दिसली नाही तर काहीतरी उत्तर निवडून खूण करायची आणि त्याच भागात वेळ उरला तर परत यायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, मग प्रश्न कोरा का सोडायचा?

तारीख तेव्हा बदलली नाही. दोन आठवडे रोज सहा गणितं, आणि चुकलेल्या प्रत्येक गणितापुढे एकच शब्द: चिन्ह, वजाबाकी किंवा पूर्णांक. त्यानंतर वेळ लावून दोन परीक्षा. त्यांतही ‘चिन्ह’ हा शब्द पुन्हा पुन्हा आला, तरच तारखेचा विचार करायचा असं ठरलं. दुसऱ्या परीक्षेच्या कच्च्या कागदावर चलाने गुणण्याआधी प्रत्येक ठिकाणी तिने समासात ‘य धन?’ असं लिहून गोल केला होता. एका ठिकाणी गोल नव्हता. तेवढंच गणित चुकलं होतं.

ती परीक्षा घरून देणार होती. तिथे साधा कागद चालत नाही. छोटा व्हाइटबोर्ड किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक कव्हरमधला कागद आणि पुसता येणारा मार्कर लागतो. जाड मार्करने < आणि ≤ यांतला फरक पटकन मिटतो, म्हणून शेवटचा आठवडा तिने सगळा सराव त्याच बोर्डावर केला.