लेव्हल वाढली, आता काय घेऊ? : खेळाडूंची प्रश्नोत्तरे

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात आपल्या पात्राची (कॅरेक्टरची) लेव्हल वाढल्यावर काय घ्यावं, ही विचारणा थांबतच नाही. प्रश्न निरनिराळे, पण मूळ एकच: कुणीतरी काहीतरी सांगितलेलं असतं आणि पुस्तक कुणी उघडलेलं नसतं. खालची उत्तरं या खेळाच्या पाचव्या आवृत्तीची आहेत. तिचं 2014 चं पुस्तक आणि 2024 चं सुधारित पुस्तक यांत फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

चौथ्या लेव्हलला गुणांत मिळणाऱ्या वाढीतून स्ट्रेंग्थ (ताकदीचा गुण) 20 च्या वर नेता येते का? (शाहूपुरी)

नाही.

फायटरच्या (लढवय्याच्या) हिट पॉइंटसाठी (किती मार सोसेल त्या आकड्यासाठी) फासा टाकला आणि 1 पडला. आता ठरीव आकडा घेऊ का? (कळंबा)

फासा हातात घेण्याआधी ठरवायचं असतं, पडल्यावर नाही. दहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेपाच, आणि पुस्तक ठरीव आकडा देतं 6. म्हणजे न टाकताच अर्धा गुण जास्त, तरी लोक टाकतात! एक दिलासा आहे. पुढे कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) मॉडिफायर, म्हणजे त्या गुणातून मिळणारी भर, एकने वाढला, तर मागच्या प्रत्येक लेव्हलचाही एकेक हिट पॉइंट वाढतो. 1 पडल्यावर पुन्हा टाकू देणारे डीएम (खेळ चालवणारे) असतात. तुमचे तसे आहेत का, ते त्यांनाच विचारा.

मी फायटर, तिसरी लेव्हल. एका व्हिडिओत ऐकलं की पुढच्या तीन लेव्हल रॉगच्या घेतल्या की दोन्हींचं चांगलं ते हाती येतं. शिवाय चौथ्या लेव्हलची दोन गुणांची वाढ तर मिळतेच. बरोबर ना? (राजारामपुरी)

बरोबर नाही. या ‘मिळतेच’नेच आजवर कितीतरी कॅरेक्टर शीट खराब केल्या आहेत.

ती वाढ कॅरेक्टरच्या चौथ्या लेव्हलला नसते, त्या-त्या क्लासच्या (फायटर, रॉग अशा पेशाच्या) चौथ्या लेव्हलला असते. तीन फायटर आणि तीन रॉग मिळून तुम्ही सहाव्या लेव्हलला पोहोचाल, आणि वाढ एकही नसेल. सरळ फायटर राहिलात तर चौथ्याला एक वाढ, सहाव्याला फायटरची खास दुसरी, आणि मधे पाचव्याला एकाच पाळीत दोन वार. तो दुसरा वारही तुम्ही पुढे ढकलताय. सकाळी गंगावेशीत जोर आणि संध्याकाळी मोतीबागेत बैठका मारून कुणी दोन तालमींचा पैलवान होत नाही.

एकूण लेव्हलवर चालतो तो प्रोफिशियन्सी बोनस (सरावाच्या कामात फाशात मिळवायची भर). पाचव्याला तो +3 होतो, क्लास कितीही मिसळा. बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो: एक गोष्ट एकूण लेव्हलवर चालते म्हणून बाकी सगळ्याही तशाच चालतात असं धरून बसतात. आणखी एक ऐकीव गोष्ट: फायटर 5 आणि रेंजर 5 केलं की म्हणे तीन वार. दोनच. दोन क्लासांतून आलेला जादा वार एकात एक मिळवता येत नाही.

अट दोन्ही बाजूंनी असते, हेही व्हिडिओवाले सांगत नाहीत. रॉगसाठी डेक्स्टेरिटी (चपळपणा) 13 हवी, पण सोबत फायटरचीही अट पुरी हवी: स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटी 13. आणि विझार्डने (जादूगाराने) एक लेव्हल फायटरची घेतली म्हणून त्याला जड चिलखत वापरता येत नाही. मध्यम चिलखत आणि ढाल, बस्स.

मिश्रण वाईटच असं माझं म्हणणं नाही. रॉगच्या तीन लेव्हलमध्ये स्नीक अटॅकचे (संधी साधून केलेल्या वारातल्या जादा इजेचे) दोन फासे येतात, कनिंग अ‍ॅक्शन (झटपट पळणं-लपणं) येते, सबक्लास (क्लासची पोटशाखा) येतो. पण व्हिडिओतलं कॅरेक्टर विसाव्या लेव्हलचं असतं. आपल्याकडच्या मोहिमा परीक्षा, गणपती आणि कुणाची तरी पुण्यातली नोकरी यांच्यात आठव्याच्या आत विरून जातात. म्हणून निदान पाचवी फायटर लेव्हल होऊ द्या, मग बघा. त्याआधी डीएमशी बोला. 2014 च्या पुस्तकात दुसरा क्लास घेणं आणि फीट (खास कौशल्य) घेणं हे दोन्ही नियम ऐच्छिक आहेत. डीएम नाही म्हणाले तर विषय संपला.

व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पहिल्यापासून विसाव्या लेव्हलपर्यंत तयार बिल्ड’ असं (कुठल्या लेव्हलला काय घ्यायचं याचा आराखडा देणारं) पीडीएफ विकायला आहे. घेऊ का? (मंगळवार पेठ)

घेऊ नका. बारा क्लासांचे नियम, प्रत्येकाच्या एका सबक्लाससकट, प्रकाशकांनीच फुकट खुले केले आहेत. जुन्या नियमांचा दस्तऐवज जानेवारी 2023 मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आला, सुधारित नियमांचा 2025 मध्ये. आधी तो वाचा. अशा पीडीएफमध्ये ग्रेट वेपन मास्टर ही फीट दिसली की पहिली शंका घ्या. ‘नेमात उणे पाच, इजेत अधिक दहा’ हे 2014 चं. 2024 मध्ये ते काढून टाकलं आहे. जुनं बिल्ड नव्या पुस्तकाचं म्हणून विकतात आणि खेळाडू टेबलावर येऊन डीएमशी भांडतो. पैसे गेलेच असतील, तर ते पान निदान खेळाआधी डीएमना दाखवा.

मित्र म्हणतो, लेव्हल वाढली की सगळे स्पेल (मंत्र) बदलता येतात. खरं का? (उद्यमनगर)

मित्र कुठला क्लास खेळतो? क्लेरिक किंवा ड्रुइड असेल, तर त्याला लेव्हलची वाटही पाहावी लागत नाही. रात्रभराच्या विश्रांतीनंतर आख्ख्या यादीतून नवी निवड करता येते. सॉर्सरर, बार्ड, वॉरलॉक यांना लेव्हल वाढताना एकच स्पेल बदलता येतो. विझार्ड बदलत नाही, साठवतो: दर लेव्हलला वहीत दोन नवे स्पेल फुकट. बाहेर सापडलेला उतरवायचा तर स्पेलच्या प्रत्येक लेव्हलमागे दोन तास आणि 50 सोन्याची नाणी. वॉरलॉकचा सल्ला विझार्डने ऐकू नये, एवढं कळलं तरी माझी निम्मी पत्रं कमी होतील.

क्लेरिकला सबक्लास पहिल्या लेव्हलला की तिसऱ्या? (रंकाळा)

2014 मध्ये पहिल्या, 2024 मध्ये तिसऱ्या. टेबलावर कुठलं पुस्तक आहे ते डीएमना विचारा.

चुकीची फीट घेतली असं वाटतंय. बदलू का? (राजारामपुरी)

2014 च्या पुस्तकात तशी सोय नाही, पण बरेच डीएम एकदा सूट देतात. मात्र ती खेळाच्या दिवशी, बाकी सगळे फासे घेऊन बसलेले असताना मागू नका. लेव्हल वाढल्याचं कळल्यावर मधला आख्खा आठवडा हातात असतो. शीट घरी भरा, शंका लिहून डीएमना आदल्या दिवशी पाठवा. टेबलावर पाच जण ताटकळत असताना पुस्तक चाळणाऱ्याला मी तरी फीट बदलू देत नाही.