मास्कचा पट्टा आवळू नका, आधी सैल करून बघा

तुमचं म्हणणं असं की सीपॅप मशीन (झोपेत श्वास थांबू नये म्हणून मास्कमधून दाबानं हवा देणारं) घेऊन तीन आठवडे झाले, मास्कच्या कडेनं हवा फुसफुसते, डोळ्यांत जाते, पट्टा कितीही ओढला तरी थांबत नाही आणि रात्री दोनला वैतागून तुम्ही मास्क काढून ठेवता. मशीन परत करू का, असं विचारलंय.

परत करू नका. निदान पट्टा सैल करून बघितल्याशिवाय तरी नको.

मी कोल्हापुरात उद्यमनगरात लेथचं वर्कशॉप चालवतो. माझ्या घोरण्यावरून घरात बरेच विनोद व्हायचे. एकदा भर दुपारी ड्रिलिंग मशीनसमोर उभ्या उभ्या डुलकी लागली, तेव्हा ते विनोद बंद झाले. झोपेची तपासणी केली तर एएचआय ३८ निघाला. म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबत होता किंवा अर्धवट होत होता. पाचच्या आत असला तर ठीक, तिसाच्या वर गेला की गंभीर. डॉक्टरांनी सीपॅप लिहून दिलं आणि माझी खरी लढाई सुरू झाली ती मास्कशी.

आमच्या धंद्यात लिकेज दिसलं की हात आपोआप पान्याकडे जातो. मी तेच केलं. नाकावरचा मास्क होता, हवा डोळ्याकडे यायला लागली की अंधारातच पट्टा एक घर ओढायचो. हवा दुसऱ्या बाजूनं. तिकडचा पट्टा ओढायचो. पुन्हा पहिल्या बाजूनं. आठवड्यानं नाकाच्या दांडीवर लाल वळ उठला, गालांवर पट्ट्याचे चर पडले आणि लिकेज होतं तेवढंच. चहाच्या टपरीवर एकानं विचारलंसुद्धा, "काय मालक, घरात काय भांडण झालं काय?"

उलगडा झाला तो सायकलच्या पंपामुळं. पोराचा पंप हवा मारत नव्हता म्हणून उघडला. आत दट्ट्याला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो, बघितला असेल तुम्ही. तो आवळून बसवलेला नसतो. दट्ट्या दाबला की हवेचा दाबच त्या वाटीची कड बाहेर ढकलतो आणि ती नळीला चिकटते. दाब जेवढा जास्त, तेवढी ती घट्ट बसते. कड वाळून दुमडली की संपलं. मी मास्कची सिलिकॉनची गादी आणून उजेडात धरली, तर तिलाही आतल्या बाजूला तशीच पातळ, लवलवती कड. मी तिला इंजिनच्या हेडचं पॅकिंग समजून आवळत होतो आणि ती निघाली पंपातला वायसर! आवळल्यावर ती कड चुरगळते, घडी पडते आणि हवा नेमकी त्या घडीतून निघते. तिला फुगायला जागा लागते.

त्या रात्रीपासून मी असं केलं. उशीवर नेहमीसारखं आडवं व्हायचं. बसून मास्क लावण्यात अर्थ नाही, कारण झोपल्यावर गाल मागे ओघळतात आणि चेहऱ्याचा आकारच बदलतो. चारही पट्टे सैल करायचे. मशीन चालू करायचं. काही मशीनमध्ये मास्क फिटिंग तपासायची सोय असते, ती रात्रीच्या दाबाजवळचा दाब देऊन दाखवते. नसेल तर दाब चढेपर्यंत थांबायचं. मग मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलायचा, आतली कड फुगू द्यायची आणि अलगद टेकवायचा. आता दोन्ही बाजूंचे पट्टे एकाच वेळी, थोडे थोडे ओढायचे, हवा थांबेपर्यंतच. पट्ट्याखाली बोट सहज जायला पाहिजे. शेवटी कुशीवर वळून बघायचं. पहिल्या रात्री आमच्या मंडळींनी बॅटरी घेऊन माझ्या नाकाची पाहणी केली, "हिकडनं येत नाही" म्हणाली आणि झोपली.

एक लक्षात ठेवा, मास्कला पुढं किंवा नळीच्या जोडाजवळ बारीक भोकं असतात. तिथून सतत हवा येते आणि ती यायलाच पाहिजे, आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. ती भोकं बुजवायला जाऊ नका.

पंपातल्या वायसरला तेल लागतं, इथं मात्र तेल हा वैरी. रात्री डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची माझी जुनी सवय. त्यानं गादी चेहऱ्यावर घसरते आणि सिलिकॉनही लवकर खराब होतं. मी तेल सकाळवर नेलं, झोपताना तोंड साबणानं धुतो आणि गादी रोज सकाळी साध्या साबणाच्या कोमट पाण्यात. पट्टे आठवड्यातून एकदा. एवढं करूनही काही महिन्यांनी गादी मऊ पडते, मग ती बदलायचीच. मिशी असेल तर नाकाखालचा पट्टा बारीक कातरून ठेवा. मिशी काढायचा सल्ला मी कोल्हापुरात बसून कुणाला देणार नाही.

आता दुसरी शक्यता. सकाळी तोंडाला कोरड पडते का, जीभ टाळ्याला चिकटते का? तसं असेल तर मास्क बरोबर बसला असेल आणि हवा तोंडातून पळत असेल. मशीनला फक्त लिकेज दिसतं, कुठून ते कळत नाही. तेव्हा आधी नाक बघा. चोंदलेलं नाक असलं की तोंड उघडणारच. मला झोपण्याआधी मिठाच्या पाण्याच्या स्प्रेनं नाक साफ केल्यावर फरक पडला. नाही पडला तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, हे डॉक्टरांना विचारून. नाक बंद असताना तोंडाला चिकटपट्टी लावायचे उद्योग करू नका.

गुदमरल्यासारखं होत असेल तर संध्याकाळी टीव्ही बघताना मशीन चालू करून मास्क लावून बसा, अर्धा तास, रोज. मला आणखी एक त्रास होता. मशीन सुरुवातीला चारच्या दाबावर चालायचं आणि हवा पुरायचीच नाही. डॉक्टरांनी ती सुरुवात सहावर नेली आणि धाप गेली. दाबाचे आकडे मात्र आपल्या मनानं फिरवू नका.

हवा ओलसर करायला मशीनला पाण्याचं भांडं असतं, थंडीत त्या ओलाव्याचं नळीत पाणी साठून गुडगुड होते. मशीन उशीपेक्षा खाली ठेवलं, नळीवर जुन्या स्वेटरची बाही चढवली, थांबली. भांड्यात डिस्टिल्ड वॉटर, तेही औषधाच्या दुकानातलं. वर्कशॉपमध्ये बॅटरीच्या पाण्याचा कॅन असतो, तो मी आणणारच होतो, पण ते श्वासात जाणाऱ्या हवेसाठी नाही.

ऑस्ट्रेलियात सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८० च्या सुमारास हा उपचार शोधला, तेव्हा सुरुवातीच्या रोग्यांना मास्क रोज रात्री नाकाला चक्क चिकटवून घ्यावा लागे. हे वाचल्यापासून मी पट्ट्याबद्दल कुरकुर कमी केली आहे.

माझा एएचआय आता तीनच्या आसपास असतो. तिथं पोचायला मला दोन महिने लागले, आणि पहिल्या महिन्यात कित्येक रात्री जेमतेम तीन-चार तासच मास्क टिकला. मशीनच्या स्क्रीनवर किंवा अ‍ॅपमध्ये लिकेजचा आकडा दिसतो. रेसमेडचं मशीन असेल तर मिनिटाला २४ लिटरच्या आत असला की चालतं. दुसऱ्या कंपन्या तो वेगळ्या पद्धतीनं मोजतात, त्यामुळं शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना नको. तुमचा मास्क कुठल्या प्रकारचा आहे आणि चार रात्रींचे आकडे किती आलेत, ते इथंच खाली लिहा, मग पुढचं बघू.