बंदुकीतली चिप माग काढू देते का?

प्रश्न : अमेरिकी लष्कराच्या काही तुकड्या शस्त्रांच्या मोजणीसाठी रायफलींत आरएफआयडी चिप (रेडिओ लहरींनी ओळख पटवणारी चिप) बसवतात, असे २०२१ मध्ये उघड झाले. त्यामुळे सैनिकाचा ठावठिकाणा शत्रूला कळेल का?

उत्तर : दूर बसून नाही, जवळून मात्र नक्की. या चिपमध्ये ना बॅटरी, ना जीपीएस. आपल्या फास्टॅगप्रमाणे रीडरच्या, म्हणजे चिप वाचणाऱ्या यंत्राच्या, लहरी पडल्या की ती आपला क्रमांक परत पाठवते. साधा रीडर काही मीटरवरून वाचतो. दिशादर्शक अँटेना आणि जादा शक्ती वापरली की पल्ला वाढतो. क्रमांक सांकेतिक ठेवूनही भागत नाही, कारण तो बदलत नाही. तोच क्रमांक दोन ठिकाणी दिसला की हालचाल उघडी पडते. हा धोका खरा आहे. अमेरिकेच्या मरीन कोअर या सैन्यदलाने ही पद्धत नाकारली, ते योग्यच झाले. मोजणीसाठी चिप हवीच असेल, तर मोहिमेपूर्वी काढता येईल अशी बाहेरून लावावी. मात्र धातूसाठी बनवलेलीच घ्यावी. साधी चिप पोलादावर थेट चिकटवली तर नीट वाचली जात नाही.