चीन समाजवादी आहे, तर मग तिथे मार्क्सवादी विद्यार्थ्यांना अटक का होते?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, चीनमध्ये कम्युनिस्ट पक्षाची सत्ता आहे आणि विद्यापीठांत मार्क्सवाद सक्तीने शिकवला जातो. असे असताना तिथल्या सेन्सॉरशिपचा रोख पाश्चात्त्य, लोकशाहीवादी विचारांवर असणे समजू शकते, पण कामगारांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या मार्क्सवादी विद्यार्थ्यांना अटक का व्हावी, आणि अशा देशाला समाजवादी म्हणावे का? यातले एक गृहीतक मला मान्य नाही. विचार डावा आहे की उजवा, यावरून तिथे बंदी ठरते असे मला वाटत नाही. पक्षाला न विचारता तो विचार माणसांना एकत्र आणतो का, हे पाहिले जाते. या कसोटीवर पाहिले तर पक्षाला एखाद्या उदारमतवादी प्राध्यापकापेक्षा कारखान्याच्या दारात ‘इंटरनॅशनल’ हे कामगार चळवळीचे गीत गाणारे विद्यार्थी जास्त अडचणीचे वाटतात.

आपण ज्या अटकांविषयी विचारले आहे त्या बहुधा २०१८ च्या जासिक प्रकरणातल्या असाव्यात. जासिक ही शेन्झेन शहराच्या पिंगशान भागातली, वेल्डिंगची यंत्रे बनवणारी कंपनी. तिथल्या कामगारांच्या तक्रारी अगदी साध्या होत्या: वारंवार होणारे दंड, घरबांधणी निधीत कंपनीने कमी भरलेली रक्कम आणि सुटीच्या दिवशी सक्तीने काढली जाणारी सामूहिक पदयात्रा. त्यांनी कायद्यात तरतूद आहे म्हणून कारखान्यात कामगार संघटना स्थापन करायचे ठरवले. आधी अधिकृत कामगार महासंघाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्कही साधला. पुढे त्याच कार्यालयाने त्यांची हालचाल बेकायदा ठरवली, पुढाकार घेणाऱ्यांना कंपनीने कामावरून काढले आणि जुलैच्या अखेरीस सुमारे ३० जणांना पोलिसांनी ताब्यात घेतले.

यानंतर पेकिंग विद्यापीठ, रेनमिन विद्यापीठ अशा नामांकित संस्थांमधले विद्यार्थी तिथे येऊन दाखल झाले. ‘एकजूट हीच ताकद’ असे छापलेले पांढरे टी-शर्ट त्यांच्या अंगात होते आणि माओंच्या तसबिरी घेतलेले काही वयोवृद्ध निष्ठावंतही त्यांच्या बरोबरीने उभे होते. त्यांच्यातील युए शिन या पेकिंग विद्यापीठाच्या पदवीधर तरुणीने ऑगस्टमध्ये थेट शी जिनपिंग यांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि आपण कोणत्याही परकीय शक्तीचे हस्तक नसून, जे शिकवले गेले तेच आचरणात आणत आहोत, असे त्यात मांडले. २४ ऑगस्टच्या पहाटे हुइझोउ शहरातल्या एका सदनिकेवर छापा पडला, सुमारे ५० जणांना नेण्यात आले, आणि शिन्हुआ या सरकारी वृत्तसंस्थेने या साऱ्यामागे परदेशी पैशावर चालणारी एक संस्था असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला, म्हणजे माओंच्या १२५ व्या जयंतीला, त्या निमित्ताच्या कार्यक्रमाला निघालेल्या पेकिंग विद्यापीठातील मार्क्सवादी मंडळाच्या प्रमुखालाच साध्या वेशातील पोलिसांनी उचलले. लगेच विद्यापीठाने मंडळाची ‘पुनर्रचना’ केली. नव्या यादीत जुन्यांपैकी एकही नाव नव्हते. याच विद्यापीठात मे महिन्यात शी स्वतः आले होते आणि मार्क्सच्या द्विजन्मशताब्दीच्या तोंडावर मार्क्सवादाच्या अभ्यासाचे महत्त्व सांगून गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे या घटनेतला विरोधाभास पुरेसा स्पष्ट होतो.

मात्र हा विरोधाभास आपल्याला दिसतो. पक्षाच्या तर्कात तो नाही. चीनच्या राज्यघटनेचे पहिलेच कलम सांगते की, हा देश कामगारवर्गाच्या नेतृत्वाखालील समाजवादी देश आहे, आणि २०१८ च्या दुरुस्तीने त्याच कलमात पक्षाचे नेतृत्व हे चिनी समाजवादाचे मूलभूत लक्षण असल्याची भर घातली. कामगारवर्गाचे नेतृत्व आणि पक्षाचे नेतृत्व ही एकच गोष्ट मानली, की कामगारांच्या वतीने बोलणारा दुसरा कोणीही आपोआप तोतया ठरतो. म्हणूनच देशभरात कायदेशीर कामगार महासंघ एकच आहे आणि तो पक्षाच्या नियंत्रणाखाली आहे. १९७५ आणि १९७८ च्या राज्यघटनांमध्ये असलेला संपाचा हक्क १९८२ च्या राज्यघटनेतून काढून टाकण्यात आला. कामगार संघटना कायद्यातही, काम बंद पडल्यास उत्पादन लवकर पूर्ववत व्हावे यासाठी संघटनेने मदत करावी, अशी अपेक्षा आहे. आपल्याकडच्या कोणत्याही कामगार पुढाऱ्याला ही तरतूद वाचून आधी हसू आणि मग राग येईल.

ही सारी शी यांच्या काळातली देणगी आहे, असे समजण्याचे कारण नाही. १९५७ मध्ये माओंनी टीकेचे स्वागत आहे असे म्हणून बुद्धिवंतांना बोलते केले आणि काही महिन्यांतच साडेपाच लाखांहून अधिक लोकांवर ‘उजवे’ असा शिक्का मारला. १९५९ मध्ये संरक्षणमंत्री पेंग देहुआई यांनी उत्पादन झपाट्याने वाढवण्यासाठी आखलेल्या ‘मोठी झेप’ या मोहिमेतल्या चुका दाखवणारे पत्र लिहिले आणि पद गमावले. त्यानंतर खालचे अधिकारी धान्याचे फुगवलेले आकडे वर पाठवत राहिले आणि दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. स्वतंत्र वृत्तपत्रे असलेल्या लोकशाहीत मोठा दुष्काळ पडू शकत नाही, हे अमर्त्य सेन यांचे विधान याच अनुभवाशी जोडलेले आहे. पुढे माओंनंतरचे नेते डेंग शियाओपिंग यांच्या तुलनेने मोकळ्या काळातही बीजिंगच्या भिंतीवर लोकशाहीची मागणी करणारे पत्रक लावणाऱ्या वेई जिंगशेंग या इलेक्ट्रिशियनला १९७९ मध्ये १५ वर्षांची शिक्षा झाली, आणि भित्तिपत्रके लावण्याचा घटनेतला हक्क पुढच्याच वर्षी रद्द झाला. आर्थिक धोरण समाजवादाकडून बाजाराकडे वळले तरी हा धागा तुटला नाही, यावरून सेन्सॉरशिपचे मूळ आर्थिक विचारसरणीत शोधणे किती अपुरे आहे ते दिसते.

सेन्सॉरशिप नेमकी चालते कशी, याविषयी आपल्याकडे एक ढोबळ कल्पना आहे की, परदेशी संकेतस्थळे अडवणारी एक मोठी भिंत आहे आणि बाकी सारे सरकारी बाबू खोडत बसतात. भिंत आहेच, पण देशाच्या आतले बहुतेक काम खासगी कंपन्यांकडून करून घेतले जाते. मंत्रिपरिषदेच्या २००० सालच्या नियमांत बंदी असलेल्या मजकुराचे नऊ प्रकार दिले आहेत आणि ‘राष्ट्राची प्रतिष्ठा’, ‘सामाजिक स्थैर्य’ असे त्यांतले शब्द कितीही ताणता येतील इतके सैल आहेत. वापरकर्त्याने काही लिहिले तर त्याची जबाबदारी कंपनीवर येते. रेषा नेमकी कुठे आहे हे कंपनीला ठाऊक नसते, म्हणून ती आपणहून चार पावले अलीकडेच थांबते. २०१८ च्या एप्रिलमध्ये बाइटडान्स या कंपनीचे विनोदी चित्रफितींचे एक लोकप्रिय ॲप सरकारने कायमचे बंद करायला लावले, तेव्हा संस्थापक झांग यिमिंग यांनी जाहीर माफी मागून मजकूर तपासणाऱ्यांची संख्या ६,००० वरून १०,००० करण्याचे आश्वासन दिले. पगार कंपनीचा आणि पहारा सरकारचा, अशी ही व्यवस्था आहे.

ही यंत्रणा माणसापर्यंत कशी पोहोचते, ते ली वेनलियांग यांच्या बाबतीत जवळून पाहता येते. वुहानमधल्या या नेत्रतज्ज्ञाने ३० डिसेंबर २०१९ रोजी वीचॅट या संदेशांच्या ॲपवर आपल्या वैद्यकीय वर्गमित्रांच्या गटात नव्या आजाराविषयी सावध केले. ३ जानेवारीला पोलीस ठाण्यात त्यांच्यापुढे एक छापील तंबीपत्र ठेवण्यात आले. बेकायदा वर्तन थांबवू शकाल का, या प्रश्नापुढे त्यांनी हाताने लिहिले, ‘शकतो’. आणि हट्टाने असेच वागत राहिल्यास कायदेशीर कारवाई होईल हे समजले का, यापुढे लिहिले, ‘समजले’. दोन्ही ठिकाणी लाल शाईत अंगठ्याचा ठसा उमटवला. ली स्वतः कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य होते, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. ७ फेब्रुवारी २०२० रोजी त्यांचे कोविडने निधन झाले. त्या रात्री समाजमाध्यमांवर अभिव्यक्तिस्वातंत्र्याची मागणी करणारा हॅशटॅग झपाट्याने पसरला आणि सकाळपर्यंत नाहीसाही झाला. मार्चमध्ये ती तंबी मागे घेण्यात आली आणि एप्रिलमध्ये सरकारने त्यांना हुतात्मा घोषित केले. गप्प बसवायचे आणि मग हारही आपणच घालायचा, यात त्या व्यवस्थेला काही विसंगत वाटत नाही.

त्याच मार्चमध्ये वुहानच्या डॉक्टर आय फेन यांची त्याच आजाराविषयीची एक मुलाखत ‘रेनवू’ मासिकाने प्रसिद्ध केली आणि ती काही तासांत हटवण्यात आली. मग वाचकांनी ती उलट्या क्रमाने, मोर्स संकेतांत, इमोजींत, अगदी हाडांवर कोरल्या जाणाऱ्या प्राचीन चिनी लिपीतसुद्धा पुन्हा पुन्हा टाकली. पाळत ठेवणारे सॉफ्टवेअर शब्द ओळखते, म्हणून लोकांनी शब्दांचे रूपच बदलले. युए शिन यांच्याबाबतही आधी असेच घडले होते: २० वर्षांपूर्वीच्या एका लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणाची माहिती विद्यापीठाकडे मागितल्यावर आपल्यावर कसा दबाव आला हे सांगणारे त्यांचे पत्र एप्रिल २०१८ मध्ये सगळीकडून पुसले जाऊ लागले, तेव्हा कोणा अज्ञात व्यक्तीने ते इथेरियम या आभासी चलनाच्या ब्लॉकचेनवरील, म्हणजे असंख्य संगणकांवर एकाच वेळी साठवलेल्या नोंदवहीतील, एका व्यवहाराला जोडून ठेवले. तिथून ते कोणालाच काढता येत नाही.

यावरून चीनमध्ये कोणी टीकाच करू शकत नाही, असा निष्कर्ष मात्र काढू नये. हार्वर्डचे गॅरी किंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, सरकारवर किंवा धोरणांवर कडक टीका करणारा मजकूर बराचसा टिकून राहतो. लोक रस्त्यावर येण्याची शक्यता ज्यात दिसते तो मजकूर, सरकारची स्तुती करणारा असला तरी, हटवला जातो. त्यानंतर मोकळीक बरीच आकसली आहे, हे खरे. तरी माझ्या दृष्टीने आपल्या प्रश्नाची किल्ली इथेच आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये उरुमची शहरातील आगीत १० जण मृत्युमुखी पडल्यावर कोविडच्या निर्बंधांच्या निषेधार्थ शांघायपासून बीजिंगपर्यंत तरुण हातात कोरे कागद घेऊन उभे राहिले. खोडण्यासारखे त्यावर एक अक्षरही नव्हते, तरी पोलिसांनी पुढे कित्येकांना घरून उचलले, कारण आक्षेप जमण्याला होता.

आता समाजवादाविषयी. शहरांतली जमीन सरकारची, खेड्यांतली सामूहिक मालकीची, मोठ्या बँका आणि ऊर्जा कंपन्या सरकारी, हे पाहिले तर चीन भांडवलशाही देश आहे असे सरळ म्हणता येत नाही. उलट, खासगी क्षेत्राकडून देशाचे ६० टक्क्यांहून अधिक उत्पन्न आणि शहरांतले ८० टक्क्यांहून अधिक रोजगार येतात, हे शी यांनीच नोव्हेंबर २०१८ मधल्या भाषणात सांगितले होते. पण मालकीचे हे गणित मांडत बसण्यापेक्षा मला एक वेगळा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो: कामगाराला स्वतःच्या नावाने काही मागता येते का? २०२१ च्या फेब्रुवारीत बीजिंगमध्ये चेन गुओजियांग यांना अटक झाली. घरोघरी जेवण पोहोचवणाऱ्या हजारो कामगारांना त्यांनी वीचॅट गटांमधून जोडले होते आणि कंपन्यांच्या बोनस योजनांमधली फसवणूक ते चित्रफितींतून दाखवत असत. त्यांच्यावर ‘भांडण उकरून काढणे आणि गोंधळ माजवणे’ हा आरोप ठेवला गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये सात सरकारी विभागांनी मिळून कंपन्यांना बजावले की, या कामगारांची कमाई स्थानिक किमान वेतनापेक्षा कमी असता कामा नये. मागणी बऱ्याच अंशी मान्य झाली होती. चेन मात्र पुढच्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत कोठडीतच होते.