गोदावरीवरचं पैठणचं जायकवाडी धरण भरलं नाही की नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी का सोडावं लागतं?

कारण 2005च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात टंचाईची झळ पूर्ण खोऱ्याने वाटून घ्यायची तरतूद आहे. 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा (खरिपाचा वापर धरून) 65 टक्क्यांच्या खाली असला, तर गोदावरी खोऱ्यातल्या पाणीवाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीच्या तक्त्यानुसार वरच्या धरणांनी पाणी सोडायचं. 2016 साली उच्च न्यायालयानेही समन्यायी वाटप उचलून धरलं.

खरी गोची नदीपात्रात. कोरड्या गोदावरीत पाणी वाळूतच मुरतं. वाटेतल्या कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढाव्या लागतात, काठावरच्या मोटारींची वीज तोडतात, तरी सोडलेलं सगळं पैठणला पोचत नाहीच. नगरकरांचा राग म्हणून मला समजतो. पण दोन्हीकडच्या उसाबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही!